वाचकांचे प्रश्न : बचाव हेलिकॉप्टर आले, वैमानिक कधी तयार होणार?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त नॉर्वेतील स्टॅव्हँगर येथे राहतो. तेथील सरकारने समुद्रावरील बचावकार्यासाठी १६ नव्या हेलिकॉप्टरांचा करार २०१३ मध्ये केला, पण पहिले हेलिकॉप्टर प्रत्यक्ष कामावर रुजू व्हायला २०२० उजाडले, असे त्याच्याकडून समजले. वैमानिक आधीपासून तयार असताना नवे यंत्र शिकायला इतका काळ का लागावा?
– एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या भाच्याने सांगितलेली वर्षे बरोबर आहेत. मात्र त्यांतला मोठा भाग हेलिकॉप्टरांच्या बांधणीत गेला. इंग्लंडमधील येओव्हिल येथे बांधलेले, एडब्ल्यू-१०१ या जातीचे पहिले नवे हेलिकॉप्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टॅव्हँगरजवळच्या सोला तळावर पोहोचले. आपला प्रश्न लागू होतो तो त्यापुढच्या जवळजवळ तीन वर्षांना.

नॉर्वेच्या हवाई दलाचे ३३० क्रमांकाचे पथक १९७३ पासून सी किंग हेलिकॉप्टरांवर बचावकार्य करत होते. लढाऊ विमानांच्या पथकाला नवे विमान घेताना काही महिने मोकळे ठेवता येते. बचावपथकाला तशी सवड कधीच नसते, कारण वादळात सापडलेली बोट प्रशिक्षण संपण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे जो वैमानिक नव्या यंत्राच्या शिक्षणासाठी जातो, तो जुन्या यंत्राच्या पाळीतून वजा होतो. आणि पुढे इतरांना शिकवायचे असल्याने पहिल्या तुकडीत अनुभवी माणसेच पाठवावी लागतात, म्हणजे नेमक्या ज्यांच्या भरवशावर जुना पहारा चालतो तीच माणसे कमी पडू लागतात. माझ्या मते अशा योजनेतील सर्वांत कठीण हिशेब हाच असतो, आणि तो हेलिकॉप्टरांच्या संख्येवरून कधीच दिसत नाही.

शिवाय शिकायचे असते ते एकट्या वैमानिकाने नव्हे. या पथकाच्या हेलिकॉप्टरात दोन वैमानिकांबरोबर यंत्रणा हाताळणारा सहकारी, तंत्रज्ञ, दोरावरून खाली उतरणारा बचावकर्मी आणि डॉक्टर असतात. बोटीवर स्थिर राहताना खालचा माणूस वैमानिकाला बहुधा दिसतच नाही. दारापाशी विंच, म्हणजे दोर वर-खाली करणारे यंत्र, सांभाळणारा सहकारी ‘थोडे पुढे, थोडे उजवीकडे’ असे सांगत जातो आणि वैमानिक केवळ त्या आवाजावर विसंबून यंत्र हलवतो. हा विश्वास सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, सुरू होऊ शकतो, पण पक्का होतो तो अंधारात, खवळलेल्या समुद्रावर, त्याच यंत्रात. त्यात एडब्ल्यू-१०१ हे सी किंगपेक्षा बरेच जड आणि दोनऐवजी तीन इंजिनांचे असल्याने त्याच्या पंख्याचा खाली येणारा झोत फार जोरदार असतो. कोणत्या उंचीवरून दोर सोडायचा, इथपासूनच्या जुन्या सवयी मोडून नव्या घडवाव्या लागतात. याच झोतामुळे अनेक रुग्णालयांच्या हेलिपॅडवर ते उतरवणे शक्य नव्हते. रुग्णाला समुद्रातून उचलून आणल्यावर ठेवायचे कोठे, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच सोडवायला हवा होता, असे मला वाटते.

जमिनीवरचे शिक्षणही दुय्यम मानून चालत नाही. हेलिकॉप्टरे येऊ लागली त्याच महिन्यात सोला येथे इंजिनाची चाचणी चालू असताना एक कोरे यंत्र जमिनीवरच कलंडले.

२०२० संपेपर्यंत सी किंग निवृत्त करण्याचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात १ सप्टेंबर २०२० रोजी केवळ सोला तळावर नव्या हेलिकॉप्टरांचा पहारा सुरू झाला, आणि इतर तळांची पाळी त्यानंतर एकामागून एक आली. या उशिराची टीका योग्यच आहे, पण तळ एकेक करून बदलण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. २३ मार्च २०१९ रोजी ‘वायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजाची इंजिने हुस्टाडविका या खडकाळ किनाऱ्याजवळ बंद पडली, तेव्हा जहाजावर १,३७३ माणसे होती. हेलिकॉप्टरांनी त्यांतल्या साडेचारशेहून अधिक जणांना एकेक करून दोराने वर घेतले. नवी हेलिकॉप्टरे तेव्हा चाचण्यांतच होती. पथकाकडून या कामगिरीवर गेली ती जुनी सी किंग हेलिकॉप्टरेच. जुना पहारा वेळेआधी उठवला असता, तर त्या रात्री काय झाले असते, याचा विचार करावा.

प्रश्न : आपल्या नौदलाकडेही सी किंग आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या हेलिकॉप्टरांची तयारी कशी झाली?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : कुलाब्याच्या ‘आयएनएस शिक्रा’ या नौदलाच्या हवाई तळावरील आपल्या सी किंग पथकाचा क्रमांकही योगायोगाने ३३० हाच आहे. नौदलाने फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेशी २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरांचा करार केला. त्यांचे मुख्य काम पाणबुड्यांचा शोध घेण्याचे असले, तरी समुद्रातील शोध आणि बचाव हीही त्यांची जबाबदारी आहे. जुलै २०२१ मध्ये पहिली दोन हेलिकॉप्टरे सॅन डिएगो येथे ताब्यात मिळाली, पण ती लगेच मायदेशी आणली नाहीत. आपल्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण त्या वेळी अमेरिकेतच चालू होते. यंत्र आणि माणसे एकाच वेळी तयार व्हावीत, असा हा क्रम होता. पहिले पथक, आयएनएएस ३३४, कोची येथे ६ मार्च २०२४ रोजी रुजू झाले.