आयडेटिक मेमरी आणि फोटोग्राफिक मेमरी एकच का? 'आयडेटिक' हा शब्द मुळात कुठून आला?

एकच नाहीत. पण तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण मालिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

आधी व्युत्पत्ती. स्मरणशक्तीला लावलेल्या या विशेषणात स्मरणाचा मागमूसही नाही. ग्रीकमध्ये 'आयडॉस' म्हणजे रूप, आकार, डोळ्यांना जे दिसतं ते. त्यावरून 'आयडेटिकॉस', म्हणजे रूपासंबंधीचं. या कुळाचा मूळ धातू पाहण्याचा आहे आणि आपला 'विद्' त्याचाच भाऊबंद. पाहणं ते जाणणं असा प्रवास होऊन आपल्याकडे वेद, विद्या हे शब्द झाले. ग्रीकमध्ये सुरुवातीचा 'व' झडला, लॅटिनमध्ये टिकला, म्हणून तिकडे 'व्हिडिओ', म्हणजे 'मी पाहतो'. आयडिया, कॅलिडोस्कोप, इतकंच काय 'अँड्रॉइड'मधलं शेपूटसुद्धा याच घराण्यातलं.

मानसशास्त्रात हा शब्द रुळला तो जर्मनीतून. व्हिएन्नातल्या व्हिक्टर उर्बांचिच या (चक्क कानाच्या!) डॉक्टरने १९०७ साली, चित्र समोरून हटवल्यावरही डोळ्यांपुढे दिसत राहणाऱ्या प्रतिमांबद्दल लिहिलं होतं. पुढे जर्मनीतल्या मारबुर्गच्या एरिक येन्श या मानसशास्त्रज्ञाने त्यांचा पसारा वाढवला आणि 'आयडेटिश' हा शब्द चलनात आला. १९२४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने इंग्रजीत त्यावर लेख लिहिला. येन्शने मात्र नंतर माणसांचे 'प्रकार' पाडून ते नाझी वंशविचाराच्या दावणीला बांधले. विषय बराच काळ मागे पडला, तो १९६०च्या दशकात अमेरिकेत राल्फ हेबर या मानसशास्त्रज्ञाने पुन्हा हाती घेतला.

हेबरची चाचणी समजली की शब्दाचा अर्थ आपोआप कळतो. मुलासमोर एका करड्या फळ्यावर चित्र ठेवायचं आणि अर्धा मिनिट त्यावरून नजर फिरवू द्यायची. मग चित्र उचलायचं आणि विचारायचं, आता काय दिसतंय? बहुतेक मुलं आठवून सांगतात. काही थोडी मुलं मात्र रिकाम्या फळ्याकडेच बघत, चित्र अजून तिथे असल्यासारखी सांगू लागतात. चित्रातल्या मांजराबद्दल विचारलं की त्यांची नजर मांजर होतं त्याच जागी जाते. 'झाडावर मांजर होतं' असं ती म्हणत नाहीत, 'मांजर आहे' म्हणतात. मला विचाराल तर या 'आहे'मध्येच सगळं आलं.

दिव्याकडे टक लावून पाहिल्यावर डोळ्यांपुढे ठिपका तरंगतो, तसलं हे नव्हे. तो ठिपका नजरेबरोबर सरकतो आणि बरेचदा उलट्या रंगाचा असतो. आयडेटिक प्रतिमा जागची हलत नाही आणि रंगही मूळचेच राहतात. पण ती टिकते फार तर काही मिनिटं. मग विरून जाते आणि एकदा गेली की सहसा परत आणता येत नाही. शिवाय ती अचूक असतेच असं नाही. तपशील गळतात, नसलेले घुसतात. हे दिसतं तेही मुख्यत्वे लहान मुलांत, आणि त्यांच्यातही मोजक्याच. मोठ्यांत जवळजवळ नाहीच.

त्यामुळे 'एकदा पाहिलेलं पान जन्मभर जसंच्या तसं डोळ्यांसमोर' हा जो फोटोग्राफिक मेमरीचा लौकिक अर्थ आहे, तो या शब्दात बसत नाही, आणि तसली शक्ती कुणाकडे आहे हे पक्कं सिद्धही झालेलं नाही. ज्यांची स्मरणशक्ती थक्क करते, त्यांच्यामागे बहुधा सराव आणि जाण असते. बुद्धिबळाचे उस्ताद काही सेकंद पाहिलेला डाव पुन्हा मांडून दाखवतात. पण विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा उस्तादांची गत नवशिक्यांसारखीच झाली. आपला 'एकपाठी'ही इथे चालायचा नाही. तो ऐकून पाठ करणारा, आणि त्याचं पाठ झालेलं पाच मिनिटांत उडून जात नाही.

आणि एक: तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'आयडेटिक रिडक्शन' दिसलं तर स्मरणशक्ती डोक्यातून काढूनच वाचा. तिथे एडमुंड हुसर्ल या तत्त्वज्ञाने हा शब्द वस्तूच्या सारतत्त्वासाठी वापरला आहे.