एम.ई.साठी नोकरी सोडू का?

प्रश्न : मी नाशिकची. बी.ई. कॉम्प्युटरला ५८ टक्के आहेत, गेल्या वर्षी गेट (एम.ई.च्या प्रवेशासाठीची परीक्षा) पास झाले. एम.ई.ला नेमकं काय लागतं? नोकरी सोडावी का?

उत्तर : प्रवेशाची धास्ती नको. महाराष्ट्रात खुल्या वर्गाला पदवीत ५० टक्के लागतात आणि गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. गेटवर पूर्णवेळ प्रवेश घेतलात तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. नोकरी सांभाळून मात्र ती घेता येत नाही.

पहिल्या वर्षाचे पेपर तुम्ही सोडवालच. खरा कस लागतो तो दुसऱ्या वर्षीच्या प्रबंधात. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी मुलं ‘मशीन लर्निंग वापरून काहीतरी’ असा विषय घेऊन येतात. संगणकाला शिकवायला लागणारा डेटा कुठून आणणार, विचारलं की गप्प. एकीने मात्र कांद्याच्या पातीवरचा करपा रोग ओळखण्याचा विषय आणला, सोबत स्वतः शेतात काढलेले फोटो. मी तिथल्या तिथे होकार दिला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक आलेखावर बोट ठेवून ‘हा आकडा कसा आला?’ विचारतात, तेव्हा तिला अडखळावं लागलं नाही.

प्रवेश पक्का झाल्यावरच राजीनामा द्या, आणि पहिल्याच सत्रात मार्गदर्शकांना गाठून विषयाचं बोलून ठेवा.