रास्पबेरी पाय तापतोय? ओव्हरक्लॉक नंतर, आधी डबा उघड

तुझा रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डवरचा छोटा संगणक, तापतोय, आणि ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) करू का, असं तू विचारलंस. ऐरोलीत, गॅलरीत, बंद प्लास्टिकच्या डब्यात बोर्ड! निम्मं उत्तर तिथेच आहे. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसजवळ पोचला की स्वतःच वेग कमी करतो. बोर्ड बिघडलेला नाही, घाबरू नकोस.

सुरुवातीला एवढंच कर:

- आधी मोज. नेहमीचं काम अर्धा तास चालवून तापमान आणि वेग दोन्ही बघ, तेही भर दुपारी. रात्रीचा आकडा फसवतो.
- हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लाव. तो प्रोसेसरवर चिकटवणाऱ्या थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायला बरेच नवखे विसरतात. मग डब्याला खाली आणि वर भोकं पाड, आणि पावसाची झड येते तिथून तो आत घे.
- अडॅप्टर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा.

या शेवटच्या मुद्द्यावर मी आठवडा घालवलाय. पंखे बदलत बसलो आणि दोष निघाला मोबाइलच्या चार्जरचा, बारीक केबलचा. व्होल्टेज पडलं तरी वेग उतरतो.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ‘ऑनडिमांड’वरच राहू दे, काम नसलं की वेग आपोआप खाली येतो. ओव्हरक्लॉकिंगला एक उन्हाळा तरी हात लावू नकोस. दुपारचे आकडे मिळाले की पाठव, पंख्याचं तेव्हा ठरवू.