जादा माणसाचे पैसे तुझ्याकडून का?

ताई,
आम्ही चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहोत. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट, आणि मीही नोकरी करते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आठ-दहा शब्द बोलतो. हाक मारली तरी बघत नाही, गोंगाट झाला की कान दाबून जमिनीवर पडतो. ऑटिझमच्या तपासणीसाठी नाव लावलंय, पण नंबर कधी लागेल कोण जाणे. मागच्या आठवड्यात नर्सरीच्या मॅनेजर बाई म्हणाल्या, त्याच्यासाठी स्वतंत्र माणूस लागेल. त्याचे जादा पैसे भरा, नाहीतर रोज दोन तासांनी घेऊन जा. आत्ताची फी भरतानाच नाकी नऊ येतात. मैत्रीण म्हणते, डीएलए (अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घे. सासरे फोनवर सांगतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ नर्सरीतल्या एकीनं तर घरी मराठी बंद करायला सुचवलं. मी नोकरी सोडू का?
– एक दमलेली आई

राजीनामा लिहून ठेवला असशील तर तो निदान दोन महिने ड्रॉवरमध्येच राहू दे. नोकरीचं आपण शेवटी बोलू. त्याआधी त्या जादा माणसाचे पैसे कोणी द्यायचे ते बघू, कारण तुला ते कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

तिसरा वाढदिवस झाल्यानंतरच्या टर्मपासून इंग्लंडमधल्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षाचे ३८ आठवडे नर्सरी मोफत असते. आईबापांचा व्हिसा, पगार यातलं काही त्यासाठी बघत नाहीत. नोकरदार पालकांना मिळणारे ३० तास मात्र तुम्हाला मिळणार नाहीत, कारण त्यासाठी दोघांपैकी एकाला तरी ‘पब्लिक फंड्स’ (म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते आणि मदत) घेण्याची मुभा लागते. तर या १५ तासांचे पैसे कौन्सिल (तुमच्या भागाचं स्थानिक प्रशासन) नर्सरीला देते. त्या तासांवर नर्सरीला वरून सक्तीची फी लावता येत नाही, मग ती कुठल्याही नावानं असो. तुझं बिल काढून बघ. मोफत तास, विकतचे तास, जेवण, इतर खर्च असं वेगवेगळं मांडलेलं नसेल तर तसं मागून घे.

राहिले विकतचे तास. तिथे २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट लागू होतो. अपंगत्व असलेल्या मुलासाठी नर्सरीनं वाजवी ते बदल करायचे असतात, आणि त्या बदलांचा खर्च त्या मुलाच्या पालकांकडून घेता येत नाही. यासाठी निदानाचा कागद हातात असलाच पाहिजे असंही नाही. अडचण मोठी आहे आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकणारी आहे, हे महत्त्वाचं. खरं सांगायचं तर ‘वाजवी’ या शब्दावर वाद होऊ शकतो. चार माणसांवर चालणारी छोटी नर्सरी म्हणेल, पूर्ण वेळ एक माणूस आम्हाला परवडत नाही. म्हणेल तर म्हणू दे. पण म्हणून बिल तुझ्या नावानं फाडता येत नाही. त्यांनी कौन्सिलकडे हात पसरायचा असतो.

त्यासाठी सोय आहे. प्रत्येक कौन्सिलकडे सेन (म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा) इन्क्लूजन फंड असतो आणि मोफत तास घेणाऱ्या मुलासाठी नर्सरी त्यातून पैसे मागू शकते. अर्ज नर्सरीनं करायचा असतो, तू नाही. बऱ्याचदा गाडी इथेच अडते, कारण अर्ज भरायला कोणाला वेळ नसतो. म्हणून मॅनेजर बाईंशी दारात उभं राहून बोलू नकोस. ईमेल कर, आणि नर्सरीच्या सेनकोलाही त्यात घे. (सेनको म्हणजे विशेष गरजांच्या मुलांचं काम बघणारी व्यक्ती.) मजकूर लांबलचक नको: माझ्या मुलाला कोणती मदत लागते असं तुम्हाला वाटतं ते लिहून कळवा, इन्क्लूजन फंडाचा अर्ज केला आहे का ते सांगा, त्याचे तास कमी करण्याचं कारण लेखी द्या, आणि भेटीची तारीख द्या. एवढंच. बाई वाईट असतील असं मला वाटत नाही. हाताखाली माणसं कमी असली की सगळ्यात सोपा उपाय आधी तोंडावर येतो. पण लेखी विचारलं की तोच माणूस जरा जपून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

भेटीला एकटी जाऊ नकोस. तुमच्या कौन्सिलच्या भागात सेन्डियास नावाची मोफत सल्लासेवा असते, त्यांना आधी फोन कर.

दुसरं काम तुला स्वतःला करता येतं. ईएचसी प्लॅनसाठी (मुलाला कोणती मदत द्यायची ते बांधून देणारा कौन्सिलचा कायदेशीर कागद) तपासणी करा, असा अर्ज पालक थेट कौन्सिलला करू शकतात. नर्सरीची परवानगी लागत नाही, ऑटिझमचं निदान लागत नाही, आणि शिक्षण हे ‘पब्लिक फंड’ नसल्यामुळे व्हिसाही आड येत नाही. तपासणी करणार की नाही हे कौन्सिलनं ६ आठवड्यांत कळवायचं असतं आणि प्लॅन करायचा ठरलाच तर तो २० आठवड्यांत पुरा व्हायचा असतो. प्रत्यक्षात उशीर होतो, भरपूर होतो. पहिल्या झटक्यात नकारही येऊ शकतो. तेव्हा खचू नकोस, नकाराविरुद्ध ट्रायब्युनलमध्ये अपील करता येतं. इप्सी ही संस्था अशा प्रकरणांत मोफत कायदेशीर सल्ला देते. हे सगळं आत्ताच का, तर मुलगा लवकरच शाळेच्या वयाचा होईल आणि तेव्हा हा कागद हातात असलेला बरा.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. डीएलए ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडतो. तुमच्या व्हिसावर ते घ्यायची मनाई असेल (बहुतेक असणारच), तर तो फॉर्म भरू नकोस. व्हिसाची अट मोडल्याचं प्रकरण पुढे कायमच्या वास्तव्याच्या अर्जात निघू शकतं. अपवाद आहेत, पण थोडे. तुम्ही त्यात बसता का हे इमिग्रेशनच्या वकिलानं सांगायचं, मैत्रिणीनं नाही. डीएलए नाही म्हणजे त्यावर नर्सरीला मिळणारा डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस फंडही नाही. २०२५-२६ साठी तो वर्षाला किमान ९३८ पौंड होता, म्हणजे तेवढ्यानं काही पूर्ण वेळ माणूस आला नसताच. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरचं (मुलाच्या सांभाळाच्या खर्चात सरकारी भर घालणारी योजना) दारही सध्या बंद समज. हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. कर तुम्हीही भरता.

नोकरीचं सांगते. ६ एप्रिल २०२४ पासून कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून वेळ बदलून मागता येते. मालकाला नाही म्हणायची मुभा आहे, पण कारण द्यावं लागतं. सहा महिन्यांसाठी चार दिवसांचा आठवडा मागून बघ. नोकरी सोडलीस तर घरात एकच पगार उरेल, आणि नर्सरीच्या एका तोंडी वाक्यावर घेतलेला तो निर्णय ठरेल. नवऱ्यालाही वेळ बदलून मागता येते बरं का. तुझ्या पत्रात तो फक्त व्हिसापुरता आला आहे.

सासऱ्यांशी वाद घालू नकोस. नातवाला काही असू नये असं वाटण्याचीच ती एक तऱ्हा असते. ‘बाबा, तपासणीत काहीच निघालं नाही तर बरंच आहे, पण नंबर लावून ठेवलाय,’ एवढं पुरे.

आणि मराठी बंद करू नकोस. दोन भाषा कानावर पडल्यानं मूल मुकं होत नाही, ऑटिझम तर होतच नाही. स्पीच थेरपिस्टसुद्धा हेच सांगतात की ज्या भाषेत तुम्हाला सहज बोलता येतं त्याच भाषेत मुलाशी बोला. उलट त्याचे आठ-दहा मराठी शब्द एका कागदावर लिहून नर्सरीत भिंतीला लावायला दे, रोमन अक्षरांत, समोर अर्थ लिहून: पाणी, नको, दे, शी, गाडी, बाहेर. कदाचित तो दिवसभर तिथे पाणीच मागत असेल आणि त्यांना वाटत असेल, नुसता ओरडतोय.