वाट वाकडी करून पाहण्याजोगे

प्रश्न : लहानपणी देवगडला जाताना वडील तुरळच्या उन्हाळ्यांपाशी हमखास गाडी थांबवत आणि आम्ही भावंडे त्या गरम पाण्याची वाफ बघत उभी राहत असू. यंदा दिवाळीत मुलांना अशा जुन्या, जगावेगळ्या जागा दाखवाव्यात असे वाटते. त्यांना त्या कंटाळवाण्या तर वाटणार नाहीत ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वेळ साधलीत तर मुळीच वाटणार नाहीत. चौपदरी महामार्गाने गाव लवकर येते हे खरे, पण मध्ये उतरण्याची सवय मोडली याची मला मनापासून हळहळ वाटते. तुरळला थांबाच, शिवाय चिपळूणहून गुहागरच्या बाजूला वळून हेदवीची बामणघळ मुलांना अवश्य दाखवा. किनाऱ्यावरच्या उमामहेश्वर मंदिरालगत काळ्या कातळाला एक लांब, अरुंद भेग आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली, की आधी आतून घुमल्यासारखा आवाज येतो, क्षणभर काहीच घडत नाही आणि मग पाण्याचा पांढराशुभ्र लोट सरळ वर उसळून खारे तुषार थेट चष्म्यावर येतात. ओहोटीला मात्र तिथे नुसती भेगच दिसते आणि मुलांचा हिरमोड होतो. म्हणून आपल्याकडचा जुना हिशेब लक्षात ठेवा : तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, दुपारी दीडच्या सुमारास पोहोचा. पावसाळ्याइतकी उसळी नसली तरी भेगेपासून लांबच उभे राहा, कारण तो कातळ फार निसरडा असतो.

गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’मध्ये माणसांएवढ्या पुतळ्यांतून जुने गाव आणि बलुतेदार उभे केले आहेत. तिथे माहिती सांगणाऱ्याला मध्येच अडवून मुलांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या.

राजापूरची गंगा मात्र ठरवून पाहता येत नाही. तिथली 14 कुंडे एरवी कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी, कधी त्याआधीच, अचानक भरून वाहू लागतात. जाता जाता राजापुरात चौकशी करा आणि पुढे कधी गंगा आल्याचे कानावर पडले, तर सुटीची वाट न पाहता मुलांना घेऊन निघा.