मुलाच्या बिनपगारी इंटर्नशिपसाठी भविष्य निर्वाह निधी काढावा का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहात आणि निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. मुलगा अमेरिकेत कायनेसिऑलॉजीत, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात, एमएस करतोय, मे महिन्यात संपेल. शैक्षणिक कर्ज ३२ लाखांचं, व्याज साडेदहा टक्के, सहकर्जदार तुम्ही. तिथल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्याला स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगची इंटर्नशिप मिळतेय. जून ते जानेवारीचा पहिला आठवडा, पगार शून्य, दुपारचं जेवण मोफत. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून ९ लाख ना-परतावा, म्हणजे पुन्हा न भरण्याच्या बोलीवर, काढायचे का, आणि "फुकट राबवून घेणारं हे काम खरंच काम आहे का", असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. फुटबॉल म्हटल्यावर घरात सगळ्यांना कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आणि तिथले पाटाकडील-दिलबहार हे संघ आठवले, असं तुम्ही लिहिलंय. हा फुटबॉल वेगळा. हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि एकेका संघात शंभराच्या आसपास खेळाडू. या पोरांची ताकद वाढवायची, वेग वाढवायचा, दुखापतीतून उठलेल्याला हळूहळू जोर लावायला शिकवायचं, हे या कोचचं काम. तालमीतला वस्ताद जोर-बैठका मोजून घेतो आणि कुणाला आज किती रेटायचं ते नजरेने ओळखतो, तसंच. नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना याच कामासाठी पगारावर घेतलं आणि तिथून हा व्यवसाय उभा राहिला. १९७८ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन एनएससीए ही या कोचांची संघटना सुरू केली. तेव्हा काम खरं आहे, शंका नको.

पण ते शिकण्याची वाट बिनपगारी इंटर्नशिपमधूनच जाते, हेही तितकंच खरं. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा या वाटेने गेला. पहाटे साडेचारला वेटरूम उघडायची, प्रत्येक रॅकवर त्या दिवसाचं कार्ड लावायचं, प्लेटा मांडायच्या, खेळाडू सहाला यायच्या आत शेक ढवळून ठेवायचे, शेवटी फरशी पुसायची. सात महिने त्याने हे इमानाने केलं. नंतर त्याची आई त्याची तासांची वही घेऊन माझ्या टेबलाशी बसली होती. तारीख, आत ४:४०, बाहेर ११:३०, रोजची सही, आणि शेवटच्या पानावर एकूण ७०२ तास, खाली दोन रेघा. कॉलेज संघांच्या कोचांची सीएससीसीए म्हणून एक संघटना आहे. तिच्या एससीसीसी प्रमाणपत्रासाठी ६४० तासांची प्रत्यक्ष उमेदवारी लागते. याचे तास ६२ ने जास्त भरले होते. पण ज्याने सह्या केल्या, त्याच्याकडेच ते प्रमाणपत्र नव्हतं. एकही तास धरला गेला नाही. ती वही मी विसरलेले नाही, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगते.

आता पैशाकडे येऊ. तुमच्या मुलाने पाठवलेला खर्च बरोबर वाटतो: वाटून घेतलेली खोली ५५०, खाणं २५०, गाडीचा विमा आणि पेट्रोल २०० (पहाटे चारला त्या गावात बस नसते), आरोग्य विमा १२०, फोन ३०. महिन्याला ११५० डॉलर. आरोग्य विमा कापू नका, विद्यापीठाचं कवच शिक्षणाबरोबर संपतं. डॉलर ९० रुपये धरला तर सात महिन्यांचे, परीक्षा-पुस्तकांच्या ६०० डॉलरसह, पावणेआठ लाख. कर्जाची मुदतसवलत शिक्षण संपल्यावर सहा महिने आहे, म्हणजे डिसेंबरपासून हप्ता. साठलेलं व्याज धरून कर्ज ३७ लाखांच्या घरात जाईल, दहा वर्षांचा हप्ता जवळपास ५०,०००. डिसेंबर-जानेवारीचे दोन हप्ते मिळवले की तुमचे ९ लाख होतात.

माझ्या मते मात्र या इंटर्नशिपची खरी किंमत ९ लाख नाही. शिक्षणानंतर त्याला ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करायच्या परवानगीवर, मिळतात १२ महिने. त्यातले सात इथे जातात. बिनपगारी काम आठवड्याला किमान २० तासांचं आणि विषयाशी निगडित असेल तर ओपीटीत चालतं, नियमाची अडचण नाही. पण पैसे पुन्हा साठवता येतील, हे महिने परत मिळत नाहीत. २४ महिन्यांची वाढ फक्त एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना मिळते आणि तिथे बिनपगारी काम चालत नाही. त्याच्या आय-२० वरचा (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरचा) सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा क्रमांक, त्या यादीत आहे का, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आजच विचारायला सांगा. कायनेसिऑलॉजीवाल्यांनी हे गृहीत धरू नये.

म्हणून माझा सल्ला असा: इंटर्नशिप करू द्या, पण पहिले चार महिनेच घरच्या पैशावर. आठवड्याला ४० तासांनी ६४० तास सोळा आठवड्यांत, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुरे होतात. ही इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रमाचं आणखी एक सत्र समजा, तुम्ही त्याची फी भरताय. चार महिन्यांचे ४६०० आणि परीक्षेचे ६०० डॉलर, रुपयांत ४ लाख ६८ हजार. पाच लाखांवर एक रुपया नाही, हे त्याला आत्ताच सांगा. एनएससीएची सीएससीएस ही या कोचांची प्रमाणपत्र परीक्षा त्याने जूनच्या आतच द्यावी. पदवी आहे आणि सीपीआरचं प्रमाणपत्र असलं की ती देता येते, तासांची अट नाही.

ऑक्टोबरपासून सकाळी संघ आणि संध्याकाळी पगारी काम. शाळकरी खेळाडूंना तयार करणारी खासगी केंद्रं तिकडे गावोगावी आहेत, आणि ओपीटीवर एकाहून जास्त ठिकाणी विषयाचं काम करता येतं. ताशी २० डॉलरने आठवड्याला २० तास धरले तर कर जाऊन महिन्याला १५०० हातात येतील. खर्च भागून ३५० उरतात, म्हणजे ३१,५०० रुपये. हप्त्याला कमी पडतात १८,५००. तुमच्या उसाच्या बिलाचे दीड लाख असे आठ महिने पुरतात. हप्ता एकदाही चुकवू नका, सहकर्जदार म्हणून सिबिलवर डाग तुमच्याही नावावर पडेल.

संघाने ऑक्टोबरनंतर अशी सवलत द्यायला नकार दिला तर? तर ६४० तास घेऊन त्याने बाहेर पडावं. मला माहीत आहे, तो म्हणेल की हंगाम अर्धवट सोडला तर कोच शिफारस करणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. नोव्हेंबरअखेर हंगाम संपत आला की मुख्य प्रशिक्षक बदलतात, नवा आपली माणसं आणतो, वेटरूमचा चमूही बहुधा बदलतो. याच काळात जागा निघतात आणि त्या ओळखीवर भरतात. म्हणूनच सवलतीची बोलणी जूनच्या आधी, ईमेलवर व्हायला हवीत. ऑक्टोबरात अचानक तोंड उघडलं तर नातं बिघडतं. पुढे नोकरी विद्यापीठात लागली तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत लागत नाही, ही जमेची बाजू. पण २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हापासून कुठलं लहान कॉलेज किती धीर धरेल यावर मी तरी घर चालवणार नाही. परत यावं लागलं तरी हे शिक्षण वाया जात नाही. आयपीएल आणि आयएसएलचे संघ, बेल्लारीजवळ विजयनगरची इन्स्पायर इन्स्टिट्यूट ही खेळाडू घडवणारी संस्था, सगळीकडे हे कोच लागतात. पगार रुपयांत असेल, कर्जही रुपयांतच आहे.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. ७.१ टक्क्यांनी आजचे ९ लाख तुमच्या निवृत्तीपर्यंत पावणेबारा लाखांच्या पुढे जातात. तुम्ही १९९८ ला लागलात, जुनी पेन्शन आहे, हे मोठं बळ. पण आजारपणात पेन्शन एकरकमी कामाला येत नाही. तुमच्या तीन एफडींपैकी ५ लाखांची मोडा, ४ आणि ३ लाखांच्या तशाच ठेवा. वर्षभरात परदेशी पाठवलेली सगळी रक्कम १० लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जाणार नाही. रक्कम एकदम पाठवू नका, दर महिन्याच्या एक तारखेला १,०३,५०० पाठवा. परीक्षेचे वेगळे.

आणि एफडी मोडण्याआधी मुलाकडून एवढंच मागवा: तासांवर जो कोच सही करणार, त्याच्याकडे एससीसीसी आहे का. नाव आणि प्रमाणपत्राची स्थिती ईमेलने आली की मला कळवा, मग बँकेत जा.