सोलापुरी चादर-टॉवेलच्या धंद्यासाठी कीवर्डवालं डोमेन घेतलं तर गिऱ्हाईक आपोआप येतं का?

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोडला टॉवेल आणि चादरीचं होलसेल आहे, आणि कुणीतरी सांगितलं की ‘सोलापुरी चादर होलसेल’, ‘सोलापूर टॉवेल’ असले कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द, असलेली पाच-सहा डोमेन (वेबसाईटचे पत्ते) घेऊन टाका, गुगलवर आपोआप वर येता. घ्यावीत का?

एक घ्या की. पण सहा नको, आणि ते ‘आपोआप’ तर डोक्यातून काढूनच टाका.

मी इथंच दुकानदार-कारखानदारांच्या वेबसाईट करतो, चाटी गल्लीपासून होटगी रोडपर्यंत सगळे हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्हाला सांगणारा खोटं बोलत नाहीये, तो जुनं बोलतोय. पूर्वी लोक ब्राउझरच्या पट्टीत सरळ वस्तूचं नाव टाकायचे, पुढं डॉट कॉम लावायचे आणि एंटर, जे उघडेल ते उघडेल. त्यामुळं वस्तूच्या नावाच्या डोमेनवर फुकटात माणसं यायची, तीही नेमकी तीच वस्तू हवी असलेली, आणि अशी नावं अडवून त्यावर नुसत्या जाहिराती लावून बसलेल्या लोकांनी चिक्कार पैसा केला. बिझनेस डॉट कॉम हे नुसतं नाव 1999 मध्ये 75 लाख डॉलरला गेलं होतं. मग 2008 ला क्रोम आला, त्यात पत्त्याची आणि सर्चची पट्टी एकच, आणि मोबाईलवर तर आता पूर्ण पत्ता कोण टाईप करतंय, सगळे माईक दाबून बोलतात.

गुगलचंही तसंच. एकेकाळी नावात कीवर्ड असला की खरंच वर यायचं. त्याचं एक कारण असं की कुणी तुमची लिंक दिली की बहुतेक वेळा नुसता पत्ताच पेस्ट करतो, आणि पत्त्यातच ‘सोलापूर टॉवेल’ असेल तर त्या लिंकवर आपोआप तेच शब्द पडतात, आणि लिंकवरचे शब्द गुगल वाचतं. मग लोकांनी पाच-पाच पानांच्या फालतू साईटी काढून नुसत्या नावावर पहिला नंबर मारायला सुरुवात केली. सप्टेंबर 2012 मध्ये गुगलने याच्यासाठी खास बदल आणला, नावात हुबेहूब कीवर्ड पण आत दम नाही अशा साईटी खाली गेल्या. त्यांच्याच आकड्यानुसार अमेरिकेतल्या इंग्रजी सर्चपैकी 0.6 टक्क्यांवर फरक दिसला. नीट माल असलेल्या साईटी जागेवर राहिल्या हेही खरं. त्यानंतर गुगलचे जॉन म्युलर कित्येकदा सांगून चुकलेत की डोमेनमध्ये कीवर्ड आहे म्हणून वेगळा भाव मिळत नाही.

मग एक तरी का घ्या म्हणतो? गुगलसाठी नाही ओ, माणसासाठी. लातूरचा किंवा विजयपूरचा एखादा व्यापारी सर्च करतो, दहा रिझल्ट दिसतात, त्यात एकाच्या पत्त्यातच टॉवेल आणि सोलापूर दिसलं तर त्याला कळतं की हा नेमका आपल्या कामाचा, बाकीच्यांचं नाव वाचून काय विकतात तेच समजत नाही. बिलावर, टेम्पोच्या मागं, गठ्ठ्याच्या लेबलवर तोच पत्ता छापला की वेगळी जाहिरात लिहायला नको. एवढाच फायदा आहे, पण होलसेलमध्ये नेमका माणूस येणं हेच सगळं असतं, शंभर बघे येऊन काय करायचंय.

आता नावात गंमत बघा. चादर इंग्रजीत कुणी एक डी घालून लिहितं, कुणी दोन, सोलापूरला जुने लोक अजून एस-एच लावतात. फोनवर पत्ता सांगताना तुम्ही स्पेलिंग सांगत बसणार आणि समोरचा दुसरंच टाईप करणार. म्हणून चादर शब्द घ्यायचाच तर दोन्ही स्पेलिंगची घ्या आणि एकावरून दुसऱ्यावर कायमचं रिडायरेक्ट लावा, म्हणजे कुठलंही टाकलं तरी एकच साईट उघडते. जास्तीच्या डोमेनचा खरा उपयोग मला एवढाच दिसतो. तीच पानं सहा डोमेनवर टाकली तर गुगल त्यातलं एकच धरतं, आणि सहा वेगवेगळ्या नावांनी एकाच दुकानात माणसं ढकलत राहिलात तर तो प्रकार गुगलच्या नियमाप्रमाणं स्पॅम ठरतो. हायफन टाळा, तोंडी सांगताना डोकं खातो.

माझं मत विचाराल तर चादरीपेक्षा टॉवेल घ्या. किंवा त्याहून बरं, तुमच्या पेढीचं नाव आणि पुढं ‘टेक्स्टाईल’ किंवा ‘टॉवेल’. आपल्याकडं कितीतरी चादरीवाले टॉवेलकडं वळले, काही जण युनिफॉर्मकडं गेले, उद्या तुम्हीही काही वेगळं सुरू केलंत तर नावात चादर अडकून बसेल. दुसरं म्हणजे सोलापुरी चादरीला, आणि सोलापुरी टेरी टॉवेललाही, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. माल खरंच सोलापूरचा असेल तरी त्या नावावर साईट काढायच्या आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचं एकदा विचारून घ्या, आणि बाहेरचा माल त्या नावाखाली विकायचा असेल तर लफड्यात पडाल, 1999 चा कायदाच आहे त्यावर. दुसऱ्या कंपनीचा ब्रँड तर नावात चुकूनही नको, डॉट इन असो की डॉट कॉम, तक्रार झाली की डोमेन काढून घेऊ शकतात.

देवनागरीतलं डॉट भारत पण मिळतं, 2014 पासून. दिसायला झकास, पण कुठंतरी पेस्ट केलं की त्याचं एक्स एन डॅश डॅश असं काहीतरी विचित्र होतं आणि समोरच्याला वाटतं व्हायरस आला. हौस म्हणून घ्या, मुख्य नको.

खरं काम नावाच्या पुढं आहे, म्हणजे पत्त्यात स्लॅशनंतर जे येतं तिथं. हॉटेलचे पांढरे टॉवेल, सलूनचे नॅपकिन, लग्नात आहेराला द्यायचे टॉवेल, प्रत्येकाला वेगळं पान, त्या पानाच्या पत्त्यात तोच शब्द, आणि आत साईज 30 बाय 60 इंच, जीएसएम (चौरस मीटरमागं किती ग्रॅम वजन) किती, रंग सुटतो का, कमीत कमी किती डझन, ट्रान्सपोर्ट कोण भरणार. हॉटेलवाला हेच शोधत असतो आणि आपले लोक तिथं ‘आमची उज्ज्वल परंपरा’ लिहून ठेवतात! गुगलचा सर्च कन्सोल फुकट आहे, तो साईटला जोडला की लोक नेमके कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोचतायत ते दिसतं, पुढची पानं त्यावरून काढा. गुगल मॅपवरचं दुकानाचं प्रोफाईलही भरा, सोलापुरात येऊन माल बघणारा आधी तिथंच शोधतो.

आणि डोमेन घेताना स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलनं घ्या. वेबसाईटवाल्याच्या खात्यात ठेवू नका, मी वेबसाईटवाला असून सांगतोय. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, रिन्यूअल किती ते आधी बघा, आणि घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यू चालू करा.